निरोप एकच, करामती हजार

माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत. त्यांतल्या एकीलाही कान नाहीत की डोळे नाहीत, तरी सगळ्यांना एकमेकींची खबर असते. साखर वाढली, जंतू घुसला, वाढायची वेळ आली, मरायची वेळ आली, हे सगळं त्यांना रसायनांतून कळतं. एक पेशी रसायन सोडते. दुसऱ्या पेशीवर ते पकडणारं खास प्रथिन असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. रसायन येऊन चिकटलं की रिसेप्टरचा आकार किंचित बदलतो आणि पेशीच्या आत एकापाठोपाठ एक कामं सुरू होतात.

ही रसायनं तशी मोजकी आहेत. निसर्ग तीच ती पुन्हा पुन्हा वापरतो आणि दर वेळी वेगळं काम करून घेतो, कारण निरोपाचा अर्थ ठरतो तो घेणाऱ्या पेशीत. एवढं एक सूत्र हाताशी असलं की ठेच्याचा ठसका, विंचवाचा दंश, आंब्याची आढी आणि ओआरएसचं पाकीट यांच्यातलं नातं दिसायला लागतं.

१. झोपेत सुचलेला प्रयोग

मज्जातंतू हृदयाला हुकूम देतो तो विजेने की रसायनाने, यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोरदार वाद होता. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवी हे औषधशास्त्रज्ञ याच प्रश्नाने पछाडलेले होते. एका रात्री त्यांना झोपेत प्रयोग सुचला. अर्धवट जागेपणी त्यांनी तो कागदावर खरडला आणि पुन्हा झोपले. सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तीच कल्पना परत आली. आता मात्र ते उठून तडक प्रयोगशाळेत गेले.

त्यांनी बेडकांची दोन हृदयं घेतली. खारट द्रावण मिळालं की बेडकाचं हृदय शरीराबाहेरही बराच वेळ धडधडत राहतं. पहिल्या हृदयाला व्हेगस मज्जातंतू जोडलेला होता, दुसऱ्याचा काढून टाकलेला. लोवींनी पहिल्याच्या व्हेगसला विजेचा झटका दिला आणि ठोके मंदावले. मग त्या हृदयातलं द्रावण काढून दुसऱ्यात सोडलं. त्याचेही ठोके मंदावले! त्याला मज्जातंतूच नव्हता, म्हणजे हुकूम द्रावणातून आला होता. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन.

हे संशोधन १९२१ साली प्रसिद्ध झालं. १९३६ साली लोवी आणि हेन्री डेल यांना नोबेल मिळालं. दोनच वर्षांनी नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला, ज्यू असलेल्या लोवींना अटक झाली आणि नोबेलची रक्कम नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळती केल्यावरच त्यांना देश सोडता आला.

२. धोतरा एकीकडे, नाग दुसरीकडे

हृदयाला दमाने घ्यायला लावणारं हेच ॲसिटिलकोलिन दंडाच्या स्नायूवर पडलं तर स्नायू आकुंचन पावतो. रसायन तेच, पण हृदयावरचा रिसेप्टर वेगळ्या जातीचा आणि हातापायाच्या स्नायूवरचा वेगळ्या जातीचा.

धोतऱ्यातली ॲट्रोपिनच्या कुळातली द्रव्यं पहिल्या जातीचे रिसेप्टर अडवतात. म्हणून धोतरा पोटात गेलेल्याचं तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात आणि छाती धडधडते. नागाच्या विषातली काही प्रथिनं दुसऱ्या जातीचे रिसेप्टर अडवतात. म्हणून नाग चावलेल्याच्या पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थांबतात. एकच निरोप दोन ठिकाणी अडवला, तर लक्षणं इतकी वेगळी!

३. निरोप पुसायचीही घाई

निरोप पोचवण्याइतकंच तो वेळेत पुसणंही महत्त्वाचं असतं. ॲसिटिलकोलिन मोडणारं एक एन्झाइम आहे. त्याचा एकेक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलिनचे हजारो रेणू मोडतो. ते आहे म्हणून बोट हललं की थांबतं, पापणी मिटली की उघडते.

पिकांवर फवारली जाणारी ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतात. किडा मरतो तो निरोप न थांबल्यामुळे. फवारणी करणाऱ्याच्या अंगात कीटकनाशक भिनलं तर त्याच्याही शरीरात तेच घडतं. लाळ गळते, घाम फुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास कोंडतो. त्यावर डॉक्टर देतात ते इंजेक्शन ॲट्रोपिनचं. धोतऱ्याच्या कुळातलं विष इथे जीव वाचवतं, कारण ओसंडून वाहणारा निरोप ते रिसेप्टरपाशीच अडवतं. फवारताना तोंडाला फडकं पुरत नाही. हातमोजे, मास्क आणि अंगभर कपडे हवेतच.

४. एक अ‍ॅड्रेनलिन, कामं अनेक

कुत्रा अंगावर धावून आला की मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. तेच रक्त सगळीकडे फिरतं, पण हृदय ठोके वाढवतं, श्वासनलिका रुंदावतात, आतडी काम थांबवतात, त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि यकृत साखर मोकळी करतं. कुठल्या अवयवावर कुठल्या जातीचा रिसेप्टर आहे, त्यावर हे सगळं अवलंबून.

औषधशास्त्राने या फरकाचा भरपूर फायदा उठवला. दम्याच्या इनहेलरमधलं सालब्युटामॉल मुख्यतः श्वासनलिकेवरचे रिसेप्टर जागे करतं. जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात हृदयावरचे रिसेप्टर अडवणारं प्रोप्रॅनोलॉल शोधलं आणि छातीत दुखणाऱ्या असंख्य रुग्णांना आराम मिळाला. त्यांना १९८८ साली नोबेल मिळालं.

५. एका रेणूचे दहा कोटी

अ‍ॅड्रेनलिन यकृताच्या पेशीत शिरतच नाही. हे सिद्ध केलं अमेरिकेतल्या अर्ल सदरलँड यांनी १९५०च्या दशकात. त्यांनी यकृताच्या पेशी फोडल्या, पेशीपटलाचे तुकडे एका बाजूला काढले आणि त्यांच्यावरच अ‍ॅड्रेनलिन टाकलं. त्या मिश्रणात एक छोटासा, उकळूनही न बिघडणारा रेणू तयार झाला. तो उरलेल्या पेशीद्रवात मिसळताच साखर सुटायचं काम सुरू झालं. बाहेरचा निरोप आत नेणारा हा रेणू म्हणजे सायक्लिक एएमपी. सदरलँड यांना १९७१ साली नोबेल मिळालं.

मग निरोप फुगत जातो. गावात एकाने चौघांना सांगावं, त्या चौघांनी आणखी चौघांना, तशी पेशीतली प्रथिनं एकमेकांना जागवत जातात. एक रिसेप्टर अनेक प्रथिनांना उठवतो, त्यांच्यामुळे सायक्लिक एएमपीचे ढीगभर रेणू बनतात, आणि पुढची प्रत्येक पायरी आकडा वाढवते. पाठ्यपुस्तकांतल्या ढोबळ हिशेबाने अ‍ॅड्रेनलिनच्या एका रेणूपोटी ग्लुकोजचे सुमारे १० कोटी रेणू रक्तात येऊ शकतात. रक्तात चिमूटभरही नसलेलं संप्रेरक सगळ्या अंगाला पळायला कसं लावतं, त्याचं उत्तर या पटीत आहे.

६. तेच रसायन म्हणतं, ‘उपासमार आहे, एकत्र या’

जंगलातल्या ओल्या मातीत डिक्टिओस्टेलियम नावाचा एकपेशीय जीव राहतो. खायला जीवाणू मिळताहेत तोवर प्रत्येक पेशी आपापली एकटी फिरते. अन्न संपलं की उपाशी पेशी एक रसायन सोडते. शेजारची ते टिपते, त्या दिशेने सरकते आणि स्वतःही तेच सोडते. दर काही मिनिटांनी अशी लाट उसळते. बघता बघता जवळपास एक लाखापर्यंत पेशी गोळा होतात आणि त्यांची छोटी गोगलगायीसारखी दिसणारी एक काया बनते. ती उजेडाकडे सरपटत जाते. मग साधारण पाचव्या हिश्शाच्या पेशी मरून देठ बनतात आणि उरलेल्या त्या देठाच्या टोकावर बीजाणू होऊन तगतात.

ते रसायन कोणतं, हे १९६७ साली कळलं. सायक्लिक एएमपी! आपल्या यकृतात ते साखर सोडायला सांगतं आणि मातीतल्या या जीवाला सोबतीण शोधायला लावतं.

७. लाल विंचू आणि महाडचे डॉक्टर

कोकणात लाल विंचू हा एके काळी मृत्यूचाच दुसरा अवतार होता. चावलेल्या माणसाला दरदरून घाम फुटतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब चढतो. काही तासांत हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं आणि तोंडातून गुलाबी फेस यायला लागतो. लहान मुलं यात फार जात.

रायगड जिल्ह्यातल्या महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून हे टप्पे बारकाईने नोंदवले. विंचवाचं विष मज्जातंतूंना शांत होऊ देत नाही, त्यामुळे अ‍ॅड्रेनलिनच्या कुळातली रसायनं शरीरात धबधब्यासारखी सुटतात. त्यांचा सगळ्यात घातक मारा होतो तो रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा जातीच्या रिसेप्टरवर. ते रिसेप्टर अडवणारी प्राझोसिन नावाची गोळी रक्तदाबासाठी बाजारात आधीच मिळत होती. बावस्करांनी ती विंचूदंशावर वापरली आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून ३ टक्क्यांच्या खाली आलं. प्राझोसिन विषाला हातही लावत नाही. विषाने उठवलेला निरोप जिथे पोचतो ती जागा ते बंद करतं. एका साध्या गोळीने केवढे जीव वाचले! २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

८. सुरुंगातलं स्फोटक, जिभेखालची गोळी

आल्फ्रेड नोबेल यांनी नायट्रोग्लिसरिन काबूत आणून डायनामाइट बनवलं आणि १८६७ साली त्याचं पेटंट घेतलं. उतारवयात त्यांना हृदयविकार जडला. डॉक्टरांनी औषध दिलं ते नायट्रोग्लिसरिनच! १८९६ साली, मृत्यूच्या काही आठवडे आधी एका पत्रात त्यांनी या योगायोगाचं नवल केलं होतं.

नायट्रोग्लिसरिन छातीची कळ कशी थांबवतं, हे कळायला पुढे ऐंशी-नव्वद वर्षं गेली. त्यातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. तो पेशीपटलातून सरळ आत शिरतो आणि रक्तवाहिनीच्या स्नायूला सैल करतो. काही सेकंदांतच तो विरतो. आपल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर हाच वायू सतत बनवत असतं. वायू हासुद्धा पेशींमधला निरोप असू शकतो, हे तेव्हा शास्त्रज्ञांनाही पचायला जड गेलं. रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिद मुराद यांना १९९८ साली या शोधासाठी पुरस्कार मिळाला, आणि तोही नोबेल यांच्याच नावाचा.

त्याच वर्षी बाजारात आलेली व्हायग्रा ही याच साखळीतली. मुळात तिची चाचणी सुरू झाली होती हृदयविकारासाठी. नायट्रिक ऑक्साइडने पेशीत जो निरोप जागवला तो पुसणारं एन्झाइम ती अडवते. म्हणूनच जिभेखाली नायट्रोग्लिसरिनची गोळी घेणाऱ्याने व्हायग्रा घेणं धोक्याचं. दोन्ही मिळून रक्तदाब धाडकन खाली आणतात.

९. पोपटाला मिरची का झोंबत नाही?

पोर्तुगिजांसोबत गोव्यात उतरलेली मिरची आज आपल्या ठेच्याची, खर्ड्याची आणि तांबड्या रश्श्याची जान आहे. तिच्यातलं कॅप्सेसिन जिभेला भाजत नाही, जिभेवरच्या मज्जातंतूला ‘भाजतंय’ असा निरोप देतं. १९९७ साली सॅन फ्रान्सिस्कोत डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने तो निरोप घेणारा रिसेप्टर शोधला. हाच रिसेप्टर सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर उष्णतेनेही उघडतो. मेंदूला दोन्हींकडून एकच तार जाते, म्हणून तिखट खाल्लं की खरोखर घाम फुटतो.

पक्ष्यांमध्येही हा रिसेप्टर आहे आणि त्यांना उष्णता त्याच्यातूनच कळते. पण त्याची घडण थोडी वेगळी असल्याने कॅप्सेसिन त्यावर बसत नाही. पोपट लवंगी मिरची चवीने खातो ती यामुळे. मिरचीच्या झाडाचा यात फायदा आहे. सस्तन प्राणी बिया चावून टाकतात, पक्षी त्या अख्ख्या गिळून दूर नेऊन टाकतात. ज्याला झोंबायला हवं त्यालाच ती झोंबते.

पुदिन्याच्या कुळातलं मेंथॉल गार लागतं, कारण ते थंडीचा रिसेप्टर उघडतं. तो रिसेप्टर २००२ साली ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांनी वेगवेगळा शोधला. २०२१ साली दोघांना मिळून नोबेल मिळालं, स्पर्श आणि तापमान कळण्याच्या रहस्यासाठी. आणि हो, ठसका लागला तर पाणी पिऊन उपयोग नाही. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्या.

१०. आढीतला आंबा

कोकणात आंबा उतरवला की भाताच्या पेंढ्यात थरावर थर लावून आढी घालतात. पेंढ्यात ऊब राहते आणि आंब्यातून सुटणारा इथिलीन वायू कोंडला जातो. हा वनस्पतींचा पिकण्याचा निरोप आहे. इथिलीन लागलं की फळ स्वतःही आणखी इथिलीन सोडायला लागतं. म्हणून आढीत एक आंबा पिकला की बाकीचे भराभर पिकतात आणि चार दिवसांनी घरभर घमघमाट सुटतो.

यातली खरी कमाल रिसेप्टरमध्ये आहे. इथिलीनचा रिसेप्टर पेशीच्या आत असतो आणि त्याच्या पोटात तांब्याचा अणू असतो. वायू नसतो तेव्हा हा रिसेप्टर जागा असतो आणि ‘पिकू नको’ असं बजावत राहतो. इथिलीन येऊन तांब्याला चिकटलं की तो गप्प होतो आणि अडवलेलं पिकणं मोकळं होतं. इथे निरोपाचं काम आहे पहारेकऱ्याला झोपवण्याचं.

सफरचंदाचे व्यापारी याच्या उलट करतात. १-एमसीपी नावाचा वायू तांब्याची ती जागा आधीच पटकावतो, मग इथिलीन असूनही फळाला कळत नाही आणि ते शीतगृहात महिनोन्महिने करकरीत राहतं. पिकवण्यासाठी इथिलीन वायू ठरावीक प्रमाणात वापरायला आपल्याकडे परवानगी आहे. कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे. कार्बाइडमधून निघणारा ॲसिटिलीन इथिलीनची नक्कल करतो, आणि त्याच्यासोबत आर्सेनिकसारखी विषारी भेसळही फळाला लागू शकते.

११. चोरून ऐकणारा टारफुला

ज्वारीच्या शेतकऱ्याला टारफुला सांगावा लागत नाही. ज्वारीच्या मुळाला डसून तिचं पाणी आणि अन्न ओढणारं हे तण. त्याचं बी धुळीएवढं असतं आणि मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. रुजल्यावर काही दिवसांत मूळ सापडलं नाही तर ते मरतं, म्हणून शेजारी पीक आहे याची खात्री पटल्याशिवाय ते रुजतच नाही.

ही खात्री त्याला पीकच देतं. मातीत स्फुरद कमी पडला की मुळं स्ट्रिगोलॅक्टोन नावाची रसायनं सोडतात. ती असते मित्रबुरशीला हाक, कारण ती बुरशी मुळांना स्फुरद आणून देते. टारफुला ही हाक चोरून ऐकतो आणि नेमका तेव्हा उगवतो. त्याचे काही रिसेप्टर इतके तिखट कानांचे आहेत की पाण्यातला जवळजवळ नगण्य अंशही त्यांना पुरतो.

आता दुसरी बाजू. या रसायनांपैकी पहिलं, स्ट्रिगॉल, १९६६ साली सापडलं ते कापसाच्या मुळांतून. टारफुला कापसावर जगू शकत नाही! कापसाच्या हाकेने त्याचं बी रुजतं आणि उपाशी मरतं. ज्वारीच्या रानात पुढल्या हंगामाला कपाशी घेणं म्हणजे टारफुल्याला दिलेला चकवा. पीक फेरपालटीच्या जुन्या शहाणपणामागे असंही रसायनशास्त्र आहे.

१२. शेपटी मरते, पाय फुटतात

१९१२ साली फ्रेडरिक गुडरनाच यांनी बेडकाच्या पिल्लांना घोड्याच्या थायरॉइड ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले. पिल्लं वेळेच्या फार आधी बेडूक झाली, माशीएवढी बेडकं. थायरॉइडच्या संप्रेरकाची ही ताकद तेव्हा पहिल्यांदा दिसली.

नवल पुढे आहे. त्याच संप्रेरकाने शेपटीच्या पेशी स्वतःला मोडीत काढतात आणि पायाच्या पेशी वाढायला लागतात. कुणाला मरणाचा हुकूम, कुणाला वाढीचा, आणि रसायन एकच. मेक्सिकोतला ॲक्सोलोटल नावाचा जलचर आयुष्यभर कल्ले घेऊन पिल्लासारखाच राहतो. १९२० साली ज्युलियन हक्सली यांनी त्याला बैलाची थायरॉइड खाऊ घातली, आणि तो कल्ले टाकून जमिनीवर आला!

१३. अंगठा की करंगळी?

गर्भात हात तयार होताना करंगळीच्या कडेच्या पेशी एक प्रथिन सोडतात. ते जिथे दाट पोचतं तिथे करंगळी बनते, विरळ होत जातं तशी पुढची बोटं. अंगठा बनतो त्या कडेला ते जवळपास पोचतच नाही. म्हणजे निरोप किती मोठ्याने ऐकू आला यावरही अर्थ ठरतो. या प्रथिनाचं नाव आहे सॉनिक हेजहॉग. एका व्हिडिओ गेममधल्या नायकावरून ते ठेवलं गेलं.

हा निरोप गर्भात पोचलाच नाही तर काय होतं? १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात मेंढ्यांना एकच डोळा असलेली कोकरं व्हायला लागली. गाभण मेंढ्या, विशेषतः गर्भाच्या चौदाव्या दिवसाच्या सुमारास, एक रानटी लिली खात होत्या. तिच्यातलं सायक्लोपामिन याच निरोपाची वाट अडवतं, हे १९९८ साली कळलं. मोठ्या माणसात काही त्वचेच्या कर्करोगांत ही वाट नको तेव्हा उघडी राहते. ती बंद करणारं व्हिस्मोडेगिब हे औषध २०१२ साली मंजूर झालं. कोकरांवरच्या संकटाने माणसाच्या औषधाची दिशा दाखवली.

१४. कॉलरा: थांबायचं विसरलेला निरोप

कॉलऱ्याचा जंतू आतडं पोखरत नाही. तो एक विष सोडतो, हे १९५९ साली कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवलं. जग कित्येक वर्षं जे शोधत होतं ते त्यांनी साध्या साधनांत सिद्ध केलं. हे विष आतड्याच्या पेशीतलं एक प्रथिन ‘चालू’ अवस्थेत अडकवून ठेवतं. सायक्लिक एएमपी बनत राहतं, क्षार बाहेर पडत राहतात आणि त्यांच्यामागे पाणी. रुग्ण तासाला एक लिटरपर्यंत पाणी गमावू शकतो.

पण पेशीचा एक दरवाजा या गोंधळातही शाबूत असतो. मीठ आणि ग्लुकोज बरोबर आलं की तो दोघांना आत घेतो आणि पाणीही मागोमाग येतं. ओआरएसचं सगळं बळ यात आहे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये कालवून वाटलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. घरात ओआरएसची दोन पाकिटं कायम असू द्या.

१५. झटपट पाच

• जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं आणि झोप आणतं. चहातलं कॅफिन त्याच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, पण त्याला जागं करत नाही. झोपेचा निरोप वाटेतच अडतो. साठलेलं ॲडेनोसिन मात्र तसंच राहतं.

• अंधारात बघणारी डोळ्यातली पेशी प्रकाशाच्या एका कणालाही प्रतिसाद देऊ शकते.

• आपल्या नाकात वासाचे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर आहेत आणि वास घेणारी प्रत्येक पेशी साधारणपणे एकच प्रकार वापरते.

• कडू चवीचे रिसेप्टर फुप्फुसाच्या श्वासनलिकांवरही आहेत. कडू द्रव्य लागलं की तिथला स्नायू सैल होतो. हे २०१० साली दिसून आलं.

• पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पट कमी ठेवलेलं असतं. म्हणून थोडंसं आत शिरलं तरी पेशीला लगेच जाग येते. शुक्राणू मिळाल्यावर अंड्यात पहिली उठते ती कॅल्शियमची लाट.

१६. औषधाच्या दुकानात

माणसाच्या जनुकांत एकाच मोठ्या घराण्यातले सुमारे ८०० रिसेप्टर आहेत. अ‍ॅड्रेनलिन, वास आणि प्रकाश यांचे रिसेप्टर याच घराण्यातले. आज वापरात असलेल्या औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश औषधं या घराण्यावर काम करतात. या रिसेप्टरांची कार्यपद्धती उलगडणाऱ्या रॉबर्ट लेफकोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ साली नोबेल मिळालं. या घराण्याबाहेरचंही एक उदाहरण. रक्ताच्या एका कर्करोगात पेशीला वाढायला सांगणारं प्रथिन चालूच राहतं. नेमकं तेच बंद करणारं इमॅटिनिब २००१ साली आलं आणि तो जीवघेणा आजार बहुतेकांसाठी रोजच्या गोळीवर आला. त्याच्या पेटंटवरून आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी निकाल दिला आणि भारतात ते स्वस्त मिळण्याची वाट खुली राहिली.

गोळी पोटात गेली की ती सगळ्या शरीरात फिरते आणि तिचा रिसेप्टर जिथे जिथे असेल तिथे तिथे काम करते. औषधांचे बरेचसे दुष्परिणाम येतात ते इथून. म्हणून नवीन औषध सुरू होताना आपले सगळे जुने आजार डॉक्टरांना सांगा. विशेषतः दमा असेल तर रक्तदाबाची किंवा धडधडीची गोळी लिहून घेण्याआधी तो सांगायला विसरू नका. हृदय शांत करणारी काही औषधं श्वासनलिकाही आवळतात.